अर्ध्या नावाचा युस्टेस

माझ्या नवऱ्याला स्वतःचे नाव अर्धेच ठाऊक होते. कागदावरचे नाव पुरे होते, युस्टेस ब्रिसेट. ते त्याला सरकारी शाळेत मिळाले, केस कापले त्याच दिवशी. पण त्याआधी, तो नुकता चालायला लागला होता तेव्हा, त्याच्या आईने एका म्हाताऱ्याच्या हातावर तंबाखू ठेवून मुलासाठी नाव मागितले होते. म्हाताऱ्याला ते स्वप्नात दिसले. मग नाव देण्याचे जेवण झाले आणि त्याने ते नाव पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला आणि उत्तरेला तोंड करून मोठ्याने सांगितले. जमलेल्या सगळ्यांनी त्याच्या मागोमाग ते उच्चारले. त्यातला फक्त शेवट युस्टेसच्या कानात राहिला होता, 'गाबाव'. म्हणजे उभा आहे. कोण उभे आहे, कुठे उभे आहे, हे सगळे पुढच्या अर्ध्यात होते, आणि ते गेले होते.

आम्हा इथल्या मूळच्या लोकांची नावे नुसती हाक मारण्यासाठी नसतात. नाव म्हणजे कुणीतरी पाहिलेले काहीतरी असते. माझ्या आजीच्या नावाचा अर्थ 'ढग इकडे येतो आहे' असा होता, आणि तिला हाक मारली की वाऱ्याची दिशासुद्धा कळायची. नाव देणारा आणि घेणारा एकमेकांना ज्या शब्दाने हाक मारतात, त्या शब्दात 'माझे शरीर' असे दडलेले आहे. देणारा आपला एक तुकडा काढून देतो, असे आम्ही मानतो. आणि जे लोक त्या जेवणाला हजर असतात, तेही त्या नावाचे राखणदार होतात. माणूस लहान असो, लांब असो, आजारी असो, त्याचे नाव त्यांच्याकडे राहते. मात्र मागितल्याशिवाय ते सांगत नाहीत. मागायचे ते तंबाखू देऊन. चिमूटभर तंबाखू एकदा हातात घेतला की मग नाही म्हणता येत नाही. म्हणून आमच्यात लोक हात पुढे करण्याआधी विचार करतात.

युस्टेसला सहाव्या वर्षी सरकारी शाळेत नेले. मी मिशनच्या सिस्टरांकडे शिकले. त्या कडक होत्या, पण आम्ही मुली संध्याकाळी घरी यायचो, चुलीजवळ बसायचो आणि दिवसभर गिळलेली भाषा तिथे बोलून टाकायचो. त्याला तसे घर मिळाले नाही. त्याची शाळा रेल्वेने दोन दिवसांच्या अंतरावर होती. तो परत आला तेव्हा मिसरूड फुटले होते, आई मॅडलिन क्षयाने गेली होती, आणि मावशी जे बोलत होती त्यातले त्याला काही कळत नव्हते. आईचा एक फोटोदेखील नव्हता.

त्याला परत बोलायला शिकवले ते मावशीच्या मुलीने, फिलोमिनने. मावशीची मुलगी म्हणजे आमच्यात सख्खी बहीणच. वयाने मोठी, म्हणून तो तिला 'निमिसे' म्हणायचा आणि ती त्याला 'निशीमे', म्हणजे धाकट्या. जंगली तांदूळ भाजताना तो कढईशी वल्हे घेऊन ढवळत उभा असायचा आणि ती शब्द सांगायची. मार्च महिन्याला आपण काय म्हणतो, तर बर्फावर कडक पापुद्रा धरतो तो चंद्र. एप्रिलला काय, तर साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस आटवतो तो चंद्र. शब्द उलगडून दाखवायची तिला हौस होती. चुकला की हसायची, आणि तिचे हसणे चार घरांपलीकडे ऐकू जायचे. तेव्हाच एकदा ती त्याला म्हणाली होती, की तुझे नाव आमच्याकडे आहे, तंबाखू घेऊन ये, आई जेवण करील.

तो तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. शाळेने त्याच्या मनात भरवले होते की हे सगळे सैतानाचे खेळ आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे, अडाण्यांचे. तो म्हणाला, "माझं नाव आहे की. युस्टेस."

फिलोमिनने पुन्हा विषय काढला नाही. मावशीनेही काढला नाही. मागितल्याशिवाय सांगायचे नाही म्हणजे नाहीच.

आमचे लग्न झाल्यावर काही वर्षांनी त्याला राज्य सरकारची नोकरी लागली. शिकार आणि मासेमारीवर नजर ठेवणारा वॉर्डन. हिरवा गणवेश, सरकारी गाडी, छातीवर बिल्ला. आमच्या लोकांपैकी तो एकटाच त्या खात्यात होता. वस्तीत काहींना कौतुक वाटले, काहींनी आमच्या दारावरून जाताना थुंकायला सुरुवात केली. त्याला वाटायचे, आपण आत असलो तर आपल्या लोकांना सांभाळून घेता येईल. काही वर्षे त्याने घेतलेही. एखाद्याला आधी निरोप जायचा, एखाद्याची होडी त्याला दिसायची नाही.

मग आर्विनची गोष्ट घडली. आर्विन फिलोमिनचा एकुलता मुलगा. बर्फ वितळले की ओगा मासे काठाशी अंडी घालायला येतात. ते भाल्याने मारायचे, हे आमच्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले. पण राज्याचा कायदा म्हणायचा की आमच्या लोकांना राखून दिलेल्या हद्दीबाहेरच्या तलावात तसे करणे गुन्हा. आर्विन हद्दीबाहेरच्या तलावावर गेला होता. उजाडता उजाडता त्याची होडी धक्क्याला लागली तेव्हा तिथे युस्टेस होता आणि त्याच्याबरोबर त्याचा गोरा वरिष्ठ अधिकारी होता. होडी, भाला, मासे सगळे जप्त झाले. आर्विनने अधिकाऱ्याला ढकलले म्हणे, म्हणून दंडावर भागले नाही, तुरुंगवास झाला. सुटल्यावर तो घरी राहिला नाही. मिलवॉकीला गेला, दारूला लागला, आणि एका जानेवारीत पुलाखाली गोठलेला सापडला. त्याला तिशी लागली नव्हती.

अंत्यविधीनंतरच्या जेवणाला आम्ही दोघे गेलो. फिलोमिन स्वतः वाढत होती. हरणाच्या मांसाचे सूप, तळलेली रोटी, भात. एकेकाच्या पुढे येत ती आमच्यापर्यंत आली. मला वाढले. युस्टेसच्या पुढचे ताट तसेच ठेवून ती पलीकडच्या माणसाकडे गेली. तो रिकाम्या ताटासमोर जेवण संपेपर्यंत बसून राहिला. त्या दिवसापासून ती त्याला निशीमे म्हणाली नाही. 'वॉर्डनसाहेब' म्हणायची. मला मात्र पूर्वीसारखेच 'दांग्वे' म्हणत राहिली. नणंद-भावजयी एकमेकींना तसेच म्हणतात.

पुढे न्यायालयाने निकाल दिला की त्या तलावांवर मासे मारणे हा सरकारशी झालेल्या जुन्या तहातला आमचा हक्कच होता, तो कधी संपलाच नव्हता. युस्टेस तेव्हा निवृत्त झाला होता. बातमी ऐकून तो अंगणात गेला आणि बराच वेळ लाकडे फोडत राहिला. फोडून झालेली पुन्हा फोडत होता.

त्यानंतर त्याला नाव हवेसे वाटू लागले. तोपर्यंत नाव देणारा म्हातारा गेला होता, मावशी गेली होती, जेवणाला बसलेले बाकीचे सगळे गेले होते. राहिली होती एकटी फिलोमिन. ती त्या दिवशी नऊ-दहा वर्षांची होती आणि मोठ्यांच्या मागोमाग तिनेही चारी दिशांना ते नाव म्हटले होते.

तो तंबाखू घेऊन गेला. ती कणीक मळत होती. "माझे हात भरलेत, वॉर्डनसाहेब," म्हणाली. दुसऱ्या वेळी ती मासे साफ करत होती. तिसऱ्या वेळी रजई पिळत होती. तो येताना दिसला की ती हात कशात तरी घालायची, हे मी एकदा त्याच्याबरोबर गेले तेव्हा मला कळले, त्यालाही कळत असणार. एकदा त्याने तंबाखूची पुडी टेबलावर ठेवली. तिने टेबलावरचे मेणकापड चारी कोपऱ्यांनी उचलले, पुडीला बोट न लावता बाहेर नेले आणि त्याच्या गाडीवर झटकले.

"परवाना आणलात का?" ती म्हणाली. "परवान्याशिवाय काही घेऊन जाता येत नाही ना? तुम्हीच सांगायचात."

त्याने पुडी उचलली. घरी येताना गाडीत म्हणाला, तिचे बरोबर आहे. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा गेला.

घरी आम्ही अंदाज बांधायचो. हा त्याचा एक छंदच होऊन बसला होता. सकाळी कॉफी पिताना तो विचारायचा, ढगात उभा असलेला, असे असेल का? मी म्हणायचे, असेल. पाण्यात उभा? एकटा उभा? पहाटेकडे तोंड करून उभा? प्रत्येक नाव तो मोठ्याने म्हणून बघायचा, जणू अंगावर कोट चढवून बघतो आहे. मग मान हलवायचा. एकदा मी चिडून म्हणाले, की विल्फ्रेडकडे जा आणि नवे घे. विल्फ्रेड आमच्याकडे नावे देतो, अंत्यविधीही तोच चालवतो. एका माणसाला दोन नावे असायला काही हरकत नसते.

तो गेलाही. विल्फ्रेडने सांगितले की नाव मी आनंदाने देईन, पण ते तुझ्या आईने ऐकलेले नसेल. विल्फ्रेड हे काही त्याला अडवायला म्हणाला नव्हता, खरे तेच म्हणाला होता. युस्टेस तंबाखू तसाच खिशात घालून परतला. मला म्हणाला, "आईनं मला ज्या नावानं हाक मारली ते एकदा ऐकायचंय. मेल्यावरचं नंतर बघू."

मेल्यावरचेही होते म्हणा. आमच्यात माणूस गेला की त्याला त्याच्या नावाने हाक मारून पुढचा रस्ता सांगतात, आणि पलीकडचे लोक त्याला त्याच नावाने ओळखतात. पण त्याचा जीव अडकला होता तो आईच्या तोंडच्या हाकेत.

मग डॉक्टरांना त्याच्या फुप्फुसात गाठ सापडली. उन्हाळा संपेपर्यंत तो हाडांचा सापळा झाला. तेव्हा मी त्याला न सांगता फिलोमिनकडे गेले. माझ्या मुठीत तंबाखू होता. ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मला पाहून तिने सोलणे थांबवले नाही.

मी सांगितले की त्याचे थोडे दिवस उरलेत. मी सांगितले की आर्विनबद्दल त्याला किती वाटते हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नसले तरी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दांग्वे, त्या दिवशी धक्क्यावर काय झालं, ते तुला त्यानं सांगितलंय?"

मी म्हणाले, होडी जप्त केली, आर्विनला धरले.

"ते सगळ्यांना माहितीय. धरलं याचं मला काही नाही. नोकरी होती, साहेब बाजूला होता, धरलं. पण त्यानं वही काढली आणि माझ्या पोराला विचारलं, 'नाव काय तुझं?'" तिने शेंगांचे भांडे बाजूला ठेवले. "आर्विनच्या नावाच्या जेवणाला तुझा नवरा माझ्या शेजारी उभा होता. तेव्हा आपलं हे काही खरं नाही म्हणायचा, पण माझ्यासाठी आला होता. चारी दिशांना म्हटलं त्यानं ते नाव. आणि धक्क्यावर विचारतो, नाव काय. पोरानं मला तुरुंगात सांगितलं. म्हणाला, आई, मामानं मला ओळखलं नाही. मारलं असतं तर चाललं असतं गं पोराला."

माझी मूठ तशीच मिटलेली राहिली. ती म्हणाली, "आता त्याला स्वतःचं विचारत फिरू दे."

घरी येऊन मी युस्टेसला विचारले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तोंड न वळवताच म्हणाला, "साहेब जवळ उभा होता. ओळख दाखवली असती तर त्यानं आधीच्या सगळ्या होड्यांचा हिशेब मागितला असता." मग म्हणाला, "आर्विन माझ्याकडे बघून हसला होता गं. त्याला वाटलं, मी गंमत करतोय."

इतकी वर्षे हे त्याने पोटात ठेवले होते. मला बोलण्यासारखे होते, पण त्याच्यात ऐकण्याची ताकद नव्हती.

दोन दिवसांनी त्याने मला गाडी काढायला सांगितली. तंबाखू घ्यायचा का विचारले तर नको म्हणाला. फिलोमिनच्या अंगणात मी त्याला हाताला धरून उतरवले. ती दार उघडून उंबरठ्यावर आली. त्या वेळी तिच्या हातात काहीच नव्हते.

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो पूर्वेकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "बेबामाश." वाऱ्याबरोबर इकडेतिकडे जाणारा. ते आर्विनचे नाव होते. दक्षिणेकडे वळायला त्याला माझा खांदा धरावा लागला. पश्चिमेला म्हणताना खोकला आला, म्हणून त्याने ते पुन्हा म्हटले. उत्तरेला म्हणून झाल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला. मागितले काही नाही.

फिलोमिनचे ओठ हलताना मला दिसले. मला वाटले आता ती बोलेल. त्यालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने मान वर केली. तोंड उघडून ती तशीच राहिली आणि मग म्हणाली, "उशीर झाला." दार लावून घेतले.

परतताना त्याने एकच वाक्य उच्चारले. "तिनं मला वॉर्डनसाहेब नाही म्हटलं."

तांदूळ पिकायच्या महिन्यात तो गेला. सभागृहात त्याला ठेवले होते. बाहेर विस्तव पेटवलेला होता. विल्फ्रेडने त्याच्याजवळ उभे राहून बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांकडे पाहिले आणि विचारले, की याचे नाव कुणाकडे आहे का. लोकांनी माना वळवल्या. फिलोमिन मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने घरून भाताची मोठी कढई आणली होती. ती समोर बघत राहिली. कुणीतरी घसा खाकरला. विल्फ्रेडने तिला पुरेसा वेळ दिला, मग युस्टेसकडे वळून त्याला 'मॅडलिनच्या मुला' अशी हाक मारली आणि रस्ता सांगितला. माझ्या मागे बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "दगड आहे दगड. मेलेल्यावरसुद्धा सूड."

दफन आटोपून लोक जेवून गेले आणि मी स्वयंपाकघरात एकटी उरले तेव्हा फिलोमिन आत आली. कढई न्यायला आली असे मला वाटले.

"दांग्वे, माझ्याकडे नाही ते," ती म्हणाली.

मी विचारले, काय नाही.

"नाव. तो अंगणात उभा राहून माझ्या पोराचं नाव घेत होता तेव्हा मी सांगणार होते. तंबाखूबिंबाखू काही नको म्हटलं, सांगून टाकू. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच. 'गाबाव' तेवढं आहे."

"तेवढं त्याच्याकडे होतं," मी म्हणाले.

ती खुर्चीवर बसली. "रोज आठवायचं ना मला ते. म्हणजे मला वाटायचं, आठवतंय. तो दारात आला की मनात म्हणायचे, माझ्याकडे आहे, माझ्याकडे आहे. पण काय आहे ते कधी म्हणून नाही पाहिलं. आर्विन गेल्यापासून मी ते मनातसुद्धा घेतलं नाही. तुझ्या नवऱ्याचं होतं म्हणून."

मला विचारायचे होते की तो आजारी पडायच्या आधी, पहिल्यांदा कणीक मळत होतीस तेव्हा, ते होते का तुझ्याकडे. मी विचारले नाही. तिला तरी कुठे माहीत असणार. आणि ती हो म्हणाली असती तर मला तिच्याकडे बघवले नसते.

मी एवढेच म्हणाले, की लोक तुला दगड म्हणतायत. विल्फ्रेडला खरे सांगितलेस तर बोलणे थांबेल.

"म्हणू देत," ती लगेच म्हणाली. "दगडच म्हणू देत. नाव सांभाळायला दिलं आणि म्हातारीनं हरवलं, असं म्हणण्यापेक्षा ते बरं. तू कुणाला बोलणार नाहीस."

ती विनंती नव्हती. तिने कढई उचलली आणि गेली. मी तिला पोचवायला दारापर्यंत गेले नाही.

ती होती तोवर मी हे कुणाला सांगितले नाही. वस्तीत अजूनही लोक समजतात की फिलोमिनने भावाचे नाव हट्टाने दाबून ठेवले, आणि तिच्या त्या हट्टाबद्दल त्यांना थोडा धाकही वाटतो. पापुद्र्याच्या चंद्राच्या महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये, ती झोपेतच गेली. सभागृहात विल्फ्रेडने याही वेळी विचारले, हिचे नाव कुणाकडे आहे का. ते आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ होते. तीन-चार जण एकदमच बोललो. विल्फ्रेडने तिला तिच्या पुऱ्या नावाने हाक मारली आणि ती रस्त्याला लागली.